बाई मला फर्निचर म्हणाल्या

कॉलेजच्या कार्यालयात मला एकवीस वर्षं झाली होती, तेव्हा आमच्याकडे नव्या प्राचार्य आल्या. त्या केरळच्या. मराठी येत नव्हतं, हिंदी-इंग्रजीत बोलायच्या. एकदा तपासणीला बाहेरून काही मंडळी आली. त्यांनी मागितलेली प्रवेशांची जुनी फाइल मी न शोधता काढून दिली, तशी बाई हसून म्हणाल्या, "शी इज पार्ट ऑफ द फर्निचर हिअर." सगळे हसले. मीही हसले.

नंदनवनला घरी पोचेपर्यंत ते हसू विरलं होतं. आईला सांगितलं, तर तिनं टीव्हीचा आवाज बंद केला. "तुले लाकडाचं सामान म्हनलं, आन् तू हासून राहिली वं?"

पुण्यात शिकणाऱ्या लेकीला फोन लावला. ती म्हणाली, "अगं आई, म्हणजे तू तिथे इतकी मुरलीस की तुझ्याशिवाय ते ऑफिस डोळ्यांपुढे येतच नाही."

"मग चांगलंच की."

"हो. पण कधीकधी असंही असतं, की माणूस इतकं सवयीचं होतं की त्याच्याकडे कुणाचं लक्षच जात नाही."

"मग बाईंना यातलं काय म्हणायचं होतं?"

"ते त्या कशा म्हणाल्या त्यावर आहे."

कशा म्हणाल्या होत्या? आठवून पाहिलं, तर दरवेळी सूर वेगळाच लागे.

चार दिवसांनी न राहवून मी केबिनमध्ये गेले आणि सरळ विचारलं. बाई गोंधळल्या. "मैंने तो प्यार से कहा था," म्हणाल्या. मग जरा वेळानं त्यांनी सांगितलं, की सहा शहरांत नोकरी केली, पण त्यांना असं कुणी कधी म्हटलं नाही. मी जाब विचारायला गेले होते. उलट त्यांच्यासाठी चहा सांगून बाहेर आले.

पुढच्या महिन्यात पालकसभा झाली. बाईंनी माझी ओळख करून दिली. पूर्ण नाव, पद, नोकरीची वर्षं, सगळं जपून जपून. टाळ्याही पडल्या. मी मात्र अशी अवघडून बसले, जणू कालच रुजू झाले होते.

संध्याकाळी आईनं विचारलं, "आज काय म्हनलं तुले?"

"वरिष्ठ लिपिक."

"मंग तोंड काहून उतरलं?"

ऊन लागलं असेल, म्हणाले, आणि तिच्यापुढची गवारीची परात ओढून शेंगा मोडायला बसले.