कपारीत गेलेला हामूर

मधुवंती टिपणीसला नवऱ्याचा हेवा वाटायचा. त्याच्या पगाराचा किंवा हुद्द्याचा नाही, तर तो पाण्याखाली किती वेळ राहतो याचा.

आणि त्यात तिचं तसं चुकत नव्हतं. लग्न झालं तेव्हा चंद्रशेखरला पोहताच येत नव्हतं. ती दादरची, शिवाजी पार्कच्या तरणतलावात वाढलेली. कॉलेजच्या स्पर्धांत पदकं मिळवलेली. तो बदलापूरचा, गुडघाभर पाण्यातसुद्धा दोन्ही हात पसरून, तोल सांभाळत चालणारा. पंच्याण्णव साली त्याला मस्कतच्या एका बांधकाम कंपनीत नोकरी लागली, दोघं वादी अदाईच्या एका फ्लॅटमध्ये राहायला आली, आणि तिनेच त्याला कुरमच्या किनाऱ्यावर पोटाखाली हात धरून तरंगायला शिकवलं.

"सोडू नकोस हं, मधू!"

"सोडला कधीच," ती म्हणायची. मग घाबरून तो खरोखरच पाणी गिळायचा.

पुढे त्यांची सादिकशी ओळख झाली. सादिक मूळचा दाभोळचा. वादी अदाईतच त्याचं एसी दुरुस्तीचं दुकान होतं आणि कंतबच्या किनाऱ्यावर त्याची स्वतःची छोटी फायबरची बोट असायची. दर शुक्रवारी पहाटे तो बोट काढायचा, खडकांपाशी नांगर टाकायचा आणि श्वास रोखून खाली उतरून स्पिअरगनने मासे मारायचा. पाठीवर टाकी नाही, काही नाही. ताणलेल्या रबराच्या जोरावर सुटणारा पोलादी भाला, त्याला बांधलेली दोरी, आणि छातीतली हवा. दुपारच्या जुम्म्याच्या नमाजाआधी तो परत किनाऱ्याला लागलेला असायचा.

चंद्रशेखर आधी नुसता बघायला गेला. मग मास्क लावून उतरला. वर्षभरात त्याने स्वतःची गन घेतली, आणि एका शुक्रवारी हाताएवढी लांब सुरमई खांद्यावर टाकून पाण्यातून चालत बाहेर आला.

मधुवंती तेव्हा किनाऱ्यावर सादिकच्या बायकोबरोबर, हाफिजाबरोबर बसली होती. स्टोव्हवर चहा उकळत होता. हाफिजा म्हणाली, "या अल्ला, शेखरभाई तर पक्के दर्यावर्दी झाले!" मधुवंती हसली, टॉवेल घेऊन पुढे गेली, माशाचं कौतुकही केलं. पण आतून तिच्या अंगाचा तिळपापड झाला होता. ज्याला आपण पाय मारायला शिकवलं तो आत जाऊन येतो, आणि आपण इथे चहात साखर घालत बसायचं.

त्या सुरमईबरोबरचा त्याचा फोटो दिवाणखान्यात लागला. येणारा जाणारा विचारायचा आणि चंद्रशेखर हात फाकवून सांगायचा. दर वेळी मासा थोडा वाढायचा. मधुवंती स्वयंपाकघरात जायची, कुकर लावायची आणि शिट्टी होईपर्यंत श्वास रोखून उभी राहायची. सुरुवातीला डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. नंतर नंतर शिट्टी झाल्यावरही तिला घाई नसायची.

"मला पण यायचंय," एके दिवशी ती म्हणाली.

"कुठे?"

"खाली."

"अगं, तिथे बायका कुठे असतात?" चंद्रशेखर म्हणाला. "शिवाय सादिकला विचारायला हवं."

तिने सादिकला त्याच्यादेखतच विचारलं. सादिकने क्षणभर हाफिजाकडे पाहिलं. ती म्हणाली, "न्या की. माझ्यासारखी घाबरट थोडीच आहे ती?"

"या, वैनी," सादिक म्हणाला. "पण माझी एकच अट आहे. मारला तर आणायचा. आणता येणार नसेल तर मारायचा नाय. लांबून नाय, पाठमोरा नाय. डोक्याच्या मागे, जवळून. नायतर बघायचा आणि वर यायचा."

हे दोन हजार सालच्या हिवाळ्यात. चंद्रशेखरने तिला आपली जुनी गन दिली. तिचं रबर सैल पडलेलं होतं. त्याला ते माहीत होतं, आणि त्याला माहीत आहे हे तिलाही कळलं होतं. तिने तक्रार केली नाही. सादिकनेच एका शुक्रवारी न बोलता ते बदलून दिलं.

पहिले काही आठवडे तिने काहीच मारलं नाही. खाली जायची, वाळूवर हात टेकून स्थिर राहायची, डोळ्यासमोरून पिवळ्या पट्ट्यांचे मासे जाताना बघायची आणि वर यायची. एकदा ती वर आली तेव्हा सादिक बोटीच्या काठावर हात ठेवून तिच्याकडेच बघत होता.

"वैनी, हा दम कुठून आणलात?" तो म्हणाला. "शेखरभाई, तुमच्यापेक्षा जास्त आहे हां!"

चंद्रशेखर मास्क धूत होता. "तिचं काय," तो म्हणाला, "लहानपणापासून पोहते ती."  पण परतताना गाडीत त्याने गाण्यांची कॅसेट लावली नाही. मधुवंतीने खिडकीतून उघडेबोडके डोंगर बघत मनातल्या मनात ते वाक्य पुन्हा पुन्हा ऐकलं.

मार्चमधल्या एका शुक्रवारी पाणी स्वच्छ होतं. सकाळीच चंद्रशेखरने एक मोठी सुरमई मारली. नेम उत्तम लागला होता, मासा जागेवर थिजला होता. सादिकने त्याची पाठ थोपटली. "वा! याला म्हणतात शिकार." चंद्रशेखरने मासा बोटीत टाकला आणि मधुवंतीकडे पाहून हसला. साधंच हसला तो. पण तिला ते लागलं.

ती लगेच उतरली. खडकाच्या बाजूने खाली, नेहमीपेक्षा खाली, जिथे ऊन निळं होत जातं. तिथे एक कपार होती आणि तिच्या तोंडाशी एक हामूर, म्हणजे आपल्याकडचा हेकरू, उभा होता. तपकिरी ठिपक्यांचा, जाड ओठांचा, एखाद्या म्हाताऱ्यासारखा संथ. असला हामूर तिने बाजारातसुद्धा पाहिला नव्हता. तो तिरका उभा होता, शेपटी तिच्याकडे. अंतर जास्त होतं. थांबायला हवं होतं. तेवढ्यात तिला वर चंद्रशेखरच्या पायांतले निळे फिन्स दिसले. तो खाली येत होता.

हाही तोच नेणार, असं तिला वाटलं आणि तिने चाप ओढला.

भाला माशाच्या पोटात, मागच्या बाजूला घुसला. हामूर एवढ्या जोरात उसळला की गन तिच्या हातातून निसटता निसटता राहिली. मग तो भाल्यासकट कपारीत शिरला. दोरी ताणली गेली, कालवांनी भरलेल्या धारदार कडेवर घासली आणि तुटली. पाण्यात रक्ताचा ढग पसरला. त्या खोलीवर रक्त लाल दिसत नाही, हिरवट काळं दिसतं. एवढं होईपर्यंत तिच्या छातीतली हवा संपली होती.

"लागला!" ती वर येऊन ओरडली. "सादिकभाई, लागला, पण आत गेला!"

"कुठे लागला?"

तिने मास्क कपाळावर सरकवला. "पोटात."

 टॉर्च घेऊन सादिक खाली गेला. वर आला, मान हलवली, पुन्हा गेला. कपार आत वळत होती आणि तिला पलीकडून आणखी एक तोंड होतं. तिथे वाळूवर दोनचार खवले चमकत होते, बस्स. तिघांनी खडकाच्या सगळ्या बाजू पिंजून काढल्या. मधुवंती पुन्हा पुन्हा खाली जात होती, प्रत्येक कपारीत हात घालत होती. तिची बोटं कालवांनी कापली गेली. ऊन डोक्यावर आलं. चंद्रशेखर दोनदा म्हणाला, "सादिक, तुला निघायचं असेल ना?" सादिकने "हं" म्हटलं आणि पुन्हा बुडी मारली.

शेवटी मधुवंतीच्या नाकातून रक्त आलं, तेव्हा त्याने तिच्या हातातून टॉर्च काढून घेतला. "खलास, वैनी. बसा आता."

किनाऱ्याला लागले तेव्हा मशिदीतून माणसं घरी परतत होती. जुम्मा होऊन गेला होता. सादिकने त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. हाफिजाने नवऱ्याकडे पाहिलं, मधुवंतीच्या रक्ताळलेल्या बोटांकडे पाहिलं आणि पेले भरले.

गाडीत चंद्रशेखर खूप समजुतीने बोलला. असं सगळ्यांचं होतं, तू नवीन आहेस, मनाला लावून घेऊ नकोस. त्याचं एकेक वाक्य तिला टोचत होतं. हरलेल्या माणसाशी जिंकलेला माणूस असाच बोलतो, असं तिला वाटलं. रात्री तिने ताट तसंच उचलून ठेवलं. आत, अंधारात, तो मासा भाला घेऊन कुठेतरी पडलेला असेल.

त्यानंतर ती दर शुक्रवारी बरोबर जायची, पण मारायला नाही. त्याच खडकापाशी उतरायची आणि शोधत राहायची. सादिक तिच्यावर नजर ठेवून बोटीजवळ थांबायचा. त्याची स्वतःची शिकार जवळजवळ बंदच झाली.

एप्रिलमध्ये तिला ताप आला आणि एका शुक्रवारी ती घरी राहिली. दुपारी चंद्रशेखर आला. त्याने सिंकमध्ये एक मोठा हामूर ठेवला आणि तिला हाक मारली.

"बघ. सापडला."

ती शाल गुंडाळून उठली.

"तुझाच आहे," तो म्हणाला. "पलीकडच्या खडकात होता. भाला गळून पडला असणार. जिवंत होता अजून. मी सोडवला त्याला. आता तरी शांत हो."

मधुवंतीने मासा उलटा केला, पुन्हा सुलटा केला. कल्ल्याच्या मागे एकच भोक होतं, ताजं, स्वच्छ, अगदी जिथे असायला हवं तिथे. पोट आणि शेपटीकडचा भाग धडधाकट होता.

"मी पोटात मारला होता, शेखर."

त्याने सिंकचा नळ सोडला.

"हा तुझा आहे. सकाळीच मारलास."

"तुला बरं वाटावं म्हणून..."

"माझी चूकसुद्धा तूच घेऊन येणार का?" तिचा आवाज चढला. "मासे तुझे, फोटो तुझा. एवढं एक माझं होतं, तेही निस्तरायला तूच?"

चंद्रशेखर स्टुलावर बसला. ओल्या केसांतून त्याच्या शर्टावर पाणी गळत होतं. 

"मला ते सगळं थांबवायचं होतं," तो म्हणाला. "तो शोध. दर शुक्रवारी तू खाली, आणि तो बोटीला धरून तुझी वाट बघत. त्याने तुझ्यासाठी जुम्मा सोडला, मधू. सादिकने! दोन वर्षं मी त्याच्याबरोबर जातोय. माझ्यासाठी त्याने कधी चहासुद्धा निवू दिला नाही. मी सुरमई मारतो, तो पाठ थोपटतो आणि विसरतो. तू काही न मारता वर येतेस आणि तो दुसऱ्या दिवशी दुकानात बसून लोकांना तुझा दम सांगतो."

"तुझा संशय आहे माझ्यावर?"

"नाही गं. तसलं काही नाही." तो वैतागला. "तसलं असतं तर सोपं होतं. मला तुझ्यासारखं राहता येत नाही खाली. मी घाबरतो अजून. प्रत्येक वेळी घाबरतो."

मधुवंतीचा राग गेला नाही. पण त्या रागाच्या खाली तिला चक्क बरं वाटलं, आणि तिने ते पुढे हाफिजाला कबूलही केलं. ज्याचा हेवा करत आपण कुकरसमोर उभ्या राहिलो, तोच आपला हेवा करत होता. ताप असूनही तिने हामूर कापला, त्याचं कालवण केलं. चव अप्रतिम होती, आणि त्याचाही तिला रागच आला.

दुसऱ्या दिवशी ती सादिकच्या दुकानात गेली. तो एका उघड्या एसीसमोर उकिडवा बसला होता.

"सादिकभाई, खरं सांगा. तो मेला असेल ना?"

त्याने पाना खाली ठेवला. "हां, वैनी. पोटातला वाचत नाय. पण लगेच पण मरत नाय."

"शेखर म्हणतो, वाचला असेल."

"तो नवरा आहे. त्याला तसं म्हणायला लागतं." मग त्याने पाना पुन्हा उचलला. "माझा पण एक असाच गेला होता. तिकडे सूर गावच्या किनाऱ्याला. त्यानंतरच ती अट घातली मी. आधी मला पण नव्हती."

तिने सहा महिने गनला हात लावला नाही. सादिकने तळाशी बांधून ठेवलेल्या तेलाच्या रिकाम्या डब्यावर मग ती नेम धरायला शिकली. पुढच्या हिवाळ्यात तिने पहिला मासा मारला. मोठा नव्हता. इतक्या जवळून मारला की भाल्याचं टोक त्याला जवळजवळ टेकलंच होतं, आणि तो हललासुद्धा नाही. चंद्रशेखरने फोटो काढला. फोटो किंचित हलला, आणि तो हललेलाच फोटो दिवाणखान्यात लागला.

दोन हजार तीन साली चंद्रशेखरच्या उजव्या कानाचा पडदा फाटला. ती जिथवर जाते तिथवर जायचा हट्ट, दुसरं काही कारण नव्हतं. डॉक्टरने बुडी मारायला कायमची बंदी केली. मधुवंतीला वाटलं, आता तो यायचाच नाही. पण तो आला. बोटीत बसून नांगर, दोऱ्या, इंजिन सांभाळू लागला. सादिक एका बाजूला उतरायचा, मधुवंती दुसऱ्या.

ती वर आली की तो विचारायचा, "काय होतं खाली?"

आधी आधी ती भरभरून सांगायची. मग एकदा, एका कासवाबद्दल सांगताना, तिने त्याचा चेहरा पाहिला. ओठ घट्ट मिटलेले, नजर पाण्यावर. तो चेहरा तिला चांगला ओळखीचा होता. पुढच्या वेळी ती म्हणाली, "विशेष काही नाही. गढूळ होतं."

"खोटं बोलू नकोस. वरून तळ दिसतोय मला."

"तुला त्रास होतो, शेखर."

"होतो," तो म्हणाला. त्याने तिच्या हातातून गन घेतली, भाल्याची दोरी गुंडाळायला लागला. "हेवा वाटतो, जळतो मी. म्हणून काय झालं? सांग सगळं."

मग ती बोटीच्या काठाला धरून, पाण्यात पाय हलवत, दम खात सांगू लागली.