निपाणीत ताश्कंदची वेळ

मी सांभाळते त्या निपाणीच्या गोदामातून शिल्लक मालाचा मेल रोज पाचच्या आत बेळगावला मालकांकडे जायला हवा. त्यावरून दुसऱ्या दिवशीच्या गाड्या ठरतात. एका सकाळी तिथल्या टिळकवाडीच्या ऑफिसातून त्यांचा फोन आला.

"नवा कॉम्प्युटर घेतल्यापासून मेलवर रोज पाचच्या पुढचीच वेळ असते. तुमची ती बाई करते काय? या महिन्यात सुधारली नाही तर दुसरी बघा."

ती बाई म्हणजे आमची ऑपरेटर. तिशीतली, दोन मुलांची आई, बोरगावहून येणारी. पाचला बससाठी पळते. माझा संशय सरळ होता : आधी बस पकडते, मग मेल मोबाइलवरून पाठवते.

"देवाशपथ आक्का, पाचच्या आत पाठिवते," ती म्हणाली.

"मग वाटेत च्याला थांबतो व्हय गं तो मेल?"

ती पुन्हा कीबोर्डकडे वळली. मला तेही खटकलं.

त्या दिवशी मी तिच्या शेजारी खुर्ची टाकून बसले. पाचला दहा कमी असताना, माझ्या डोळ्यांसमोर मेल गेला. सकाळी पुन्हा मालकांचा फोन : "कालही उशीर. पाच वीस."

आता संशय मालकांवर गेला. त्यांच्या मेव्हण्याची मुलगी कॉम्प्युटरचा कोर्स करून घरी बसली होती. जागा तिच्यासाठी मोकळी करायची असणार.

फोन ठेवता ठेवता ते म्हणाले, "आत्ताच एक मेल टाकलाय, बघा." पाहिला, तर त्यावर अर्ध्या तासापूर्वीची वेळ. पण मी नुकताच इनबॉक्स बघितला होता, तेव्हा तो नव्हता. आमचा मेल तिकडे अर्धा तास उशिरा, त्यांचा इकडे अर्धा तास आधी. माणूस इतकं मापून खोटं बोलत नाही.

मेल प्रोग्रॅम वेळ कॉम्प्युटरकडून घेतो. कॉम्प्युटरची सेटिंग उघडली. घड्याळ बरोबर, पण टाइम झोन ताश्कंदचा, आपल्यापेक्षा अर्धा तास मागचा.

कॉम्प्युटर बसवला होता आमच्या म्हाताऱ्या हिशेबनिसांनी. त्यांना सगळे आप्पा म्हणतात.

"आप्पा, हे ताश्कंद कुणी केलं?"

"मीच. आपल्या वेळेपुढं चेन्नई, कोलकाता, मुंबई लिवलंय. बेंगळुरू न्हाय. कर्नाटकातल्या हापिसात मुंबईवर टिचकी मारायची? उद्या कुणी बघितलं तर मराठी-कानडी बोर्डावरनं झाला तसा दंगा व्हायचा."

"आणि ताश्कंदवाल्यांचा दंगा न्हाय व्हय?"

"लई लांब हाय ते. घड्याळ मी हातानं जुळवलंय की!"

तीच चूक होती. ताश्कंदात पाच म्हणजे इथं साडेपाच; घड्याळ आमचं, झोन परका, म्हणून प्रत्येक मेलवर चुकीचा शिक्का. मी मुंबईवाली ओळ निवडली. घड्याळ अर्धा तास पुढे उडालं.

"बघा, बिघडिवलं!" आप्पा ओरडले. वेळ आपोआप घेण्याचं बटण चालू केल्यावर ते जागेवर आलं.

मालकांना सगळं सांगितलं. "हौदा?" त्यांनी कानडीत विचारलं, खरंच का म्हणून. मग, "बरं, राहू दे तिला."

ती राहिली. पण अजून रोज मेल पाठवताना कोपऱ्यातल्या घड्याळासकट स्क्रीनचा फोटो काढून ठेवते.

"आता कशाला गं? झालं की नीट."

"कॉम्प्युटर झालाय, आक्का. तुमचं नि मालकांचं अजून कळलं न्हाय."

मी तिच्या स्क्रीनसमोरून बाजूला झाले. पाच वाजत आले होते आणि मेल जायचा होता.