टोमॅटोच्या रोपाचा कौल

माझ्या दादाचं लग्न ठरवायला एक टोमॅटोचं रोप बसलं होतं.

दादा शास्त्रज्ञ आहे. जामखेडजवळच्या आमच्या गावात याचा अर्थ 'पोराला अजून नोकरी न्हाई' असा होतो! याच कारणानं आधीची स्थळं मोडली होती. म्हणून नव्या स्थळाची पोरगी स्नेहल आणि तिचे वडील शेतात हुरडा खायला येणार म्हटल्यावर आईनं दम भरला, "तू काय करतो ते पाव्हण्यांना नीट समजून सांग. ही शेवटची पोरगी. पुढं मी बघनार न्हाई!"

दादानं कुंडीतलं रोप आणलं, माईक आणला, स्पीकर आणला. मी मदतनीस! (कोणी नेमलं नव्हतं. मी होतेच.)

हुरडा संपता संपता दादा बोलायला लागला. "काका, तहानलेलं झाड आवाज करतं. लई बारीक, आपल्याला ऐकू येत न्हाई. देठातल्या पाण्यात बुडबुडे फुटत असावेत. हे यंत्र तो आवाज आपल्या कानापर्यंत उतरवतं."

स्पीकरमधून... टिक. बराच वेळ काही नाही. मग परत टिक.

स्नेहलच्या वडिलांच्या हातातला हुरडा हातातच राहिला. "म्हंजी आपून खातो ते... बोलतं व्हय?"

"बोलत न्हाई काका. आता पाणी घालू, म्हंजी हळूहळू थांबंल."

पाणी घातलं. खरंच थांबलं! टाळ्या! आणि इथं मला सुचलं की मागं उभी ज्वारी आणि मावळता सूर्य घेऊन फोटो भारी येईल. मी कुंडी उचलून माईकसकट बांधावर कुंपणाच्या तारेला लागून ठेवली. फोटो भारीच आला!

दिवस मावळला. अण्णा, म्हणजे आमचे वडील, उठून गेले आणि रोजच्यासारखं रानडुकरांसाठीचं झटका मशीन चालू केलं.

टिक. टिक. टिक. टिक.

एका तालात! दादाचं तोंड पांढरं पडलं. "पाणी तर घातलंय..." ज्वारी सळसळली. अंधारात नुसतं ते काळं रोप, आणि टिक. टिक. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला, खरं सांगते!

स्नेहलचे वडील हळूच उठले, डोक्यावर टोपी घातली, हात जोडले. "आमच्याकडं देवाला फुलं लावून कौल घेत्यात. हे तर वाजतंच हाय. इचारून टाकू."

"काका, हे विज्ञान हाय!"

"असू द्या की. पोरगी माझी हाय." ते रोपाकडं वळले. "पोरगं चांगलं असंल तर वाज, नसंल तर गप बस."

टिक!

"आता सासू सांग. चांगली हाय का?"

वारा आला. पान तारेपासून बाजूला झालं. शांतता. अशी शांतता की आईचा श्वास ऐकू येत होता!

"लाईट गेली आसंल!" आई ओरडली.

तेवढ्यात माझ्या डोक्यात उजेड पडला. तार! झटका मशीननं कुंपणात वीज सोडली होती, पानाला तार लागून ठिणगी वाजत होती! दादाची अब्रू वाचवायची म्हणून मी गुपचूप मागच्या ज्वारीत शिरले आणि कुंडी ओढायला रांगत निघाले. (मशीन आधी बंद करावं, हे सुचायला वेगळं डोकं लागतं.)

पुढून आवाज आला, "बरं, नणंद कशी हाय?"

माझा हात तारेला लागला.

"आईऽऽ गंऽऽ मेलेऽऽ!"

स्पीकर असा किंचाळला की अण्णा खाटेवरून खाली पडले. पाव्हणे थेट गाडीत! काच वर करून आतूनच ओरडत होते, "न्हाई म्हनलं झाड! स्नेहल, चल!"

मी ज्वारीतून बाहेर आले, केसात पाला, हात झिणझिणतोय. दादा खाली मान घालून उभा. मशीन बंद करायलासुद्धा त्याचा पाय उचलत नव्हता.

स्नेहल हसून हसून खाली बसली होती. डोळे पुसत म्हणाली, "बाबा, झाडानं सासूचं सांगितलं, नणंदेचं सांगितलं. पोराला कुठं नाव ठेवलं? मला पसंत हाय!" मग माझ्याकडं बघून, "फक्त आधी हिचं लग्न लावा. लांब कुठंतरी."

दादाचं लग्न झालं. माझ्यासाठी स्थळं बघणं चालू आहे. फोटो जातो, पत्रिका जाते, सगळं जुळतं, आणि मग फोन येतो, "ज्वारीतनं वरडली ती हीच का?"