दोरा कापण्यापुरता थांबा

तोंडात टाचण्या धरून गुणगुणायचं म्हणजे खायचं काम नाही; पण आत्याला ते चाळीस वर्षं जमत होतं. नाटकवाल्यांचे झगे शिवता शिवता, मशीनच्या पायडलवर ठेका धरून तिने रचना बांधल्या आणि कागदी मापांच्या पाठीवर लिहून ठेवल्या. गायचे मात्र तिचे थोरले भाऊ. जग त्यांना बुवा म्हणे, आणि रचनाही त्यांच्याच समजे. बुवांनी कधी ‘माझ्या’ म्हटलं नाही. ‘तिच्या’ म्हणायचंही राहूनच गेलं.

आता त्या रचनांचं पुस्तक निघत होतं. बुवांना घेऊन प्रकाशक थेट शिवणखोलीत आला. त्याने आणलेल्या मुखपृष्ठावर बुवांचा फोटो, झुपकेदार मिशांसकट. खाली ठसठशीत नाव, तेही बुवांचंच.

आत्याने टाचण्या काढल्या. “रचना माझ्या आहेत. नाव माझं हवं.”

“आभारात घेतलंय की, ताई! ‘चहापाण्याची उत्तम व्यवस्था ठेवल्याबद्दल...’”

“चहा कुठे दिलाय तुम्हाला? आणि आता मिळायचाही नाही.”

“रागावू नका हो. बाईच्या नावावर गाण्याचं पुस्तक खपत नाही. शिवणकामाचं काढू, हातोहात जाईल!” मग तो बुवांकडे वळला. “बुवा, सातव्या रचनेत गाणं मध्येच थबकतं, त्यावर चार ओळी सांगा ना. प्रस्तावनेत घालतो.”

बुवांनी डोळे मिटले. “तो थांबा म्हणजे... अनंताची चाहूल.”

आत्याला हसावं की रडावं कळेना. तिने टाचण्या पुन्हा ओठांत धरल्या, झग्याची बाही मशीनखाली सरकवली आणि सातवी रचना गुणगुणत पाय मारू लागली. शिवण बाहीच्या टोकाला पोचली. पाय थांबला, सूर थांबला. कचकन कात्री चालली, दोरा तुटला. तिने दुसरी बाही ओढली आणि गाणं पुढे निघालं.

“हीच का ती चाहूल?” प्रकाशकाने हळूच विचारलं.

बुवा आधी ओशाळले, मग पोट धरून हसले. “अहो, तीस वर्षं मी तिथे डोळे मिटून टाळ्या घेतोय!” हसता हसता त्यांचे डोळे भरले. “नाव तिचं छापा.”

“आणि खप?”

“फोटो राहू दे माझा.”

“वर मिशा नि खाली बाईचं नाव? लोक काय म्हणतील?”

“म्हणतील, बाईंना मिशा शोभतात.”

आत्याने टाचण्या काढून फोटो उजेडात धरला. “शोभतात कसल्या? डावी बाजू लांब आहे. दादा, इकडे ये. कात्री हातात आहे तोवर नीट करते, आणि मग नवा फोटो काढू. आता माझ्या नावाचा प्रश्न आहे!”