पेठची खोटी चौकी

आमचा सिनेमा पाहिलेला माणूस मला अजून भेटायचाय. शूटिंगचे किस्से मात्र प्रत्येक लग्नात कुणीतरी सांगायला लावतं, आणि गंमत म्हणजे त्यातलं निम्मं मला स्वतःलाच अजून उमगलेलं नाही! नव्वदच्या दशकातली गोष्ट. एक प्रामाणिक फौजदार लाचखोर ठाणं सुधारतो, अशी स्टोरी. मी कपडेपट सांभाळायचो.

*

पेठला हायवेलगतच्या रिकाम्या गोडाऊनवर आम्ही ‘पोलीस चौकी’ असा बोर्ड लावला. दुसऱ्या दिवसापासून एक जीपवाला चौकीच्या अलीकडे टपावरची माणसं उतरवायचा आणि पलीकडे पुन्हा चढवायचा.

“अहो, चौकी खोटी आहे,” मी त्याला सांगितलं.

“ठावं हाय राव! पन पाय आपसूक ब्रेकवर जातोय.”

*

आमचा हीरो अरविंद आळेफाट्याला वर्दीतच चहा प्यायला आणि त्याने पैसे पुढे केले. हॉटेलवाला नोट हातात धरून त्याच्याकडे बघतच राहिला.

“पावणं, तुमी शूटिंगवालं का?”

“कसं ओळखलंत?”

“पैसं दिलं की!”

मला हसू आवरेना. अरविंदचा चेहरा मात्र पडला. वर्दीत चालायचं कसं, हे तो बिचारा महिनाभर शिकला होता.

*

मग एक दिवस गावातल्या कमलमावशी चौकीत आल्या. विहिरीवरची मोटर चोरीला गेलेली, शेतातला कांदा पाण्यावाचून सुकत चाललेला.

“मावशी, आम्ही सिनेमावाले,” अरविंद म्हणाला.

“म्हाईत हाय मला! खऱ्या ठाण्यात कितींदा गेले, उभंच ठिवलं. तुमी खुर्ची तर दिली!”

दिग्दर्शकाचं कुतूहल चाळवलं. त्याने कॅमेरा लावला आणि मावशींना सगळं पुन्हा सांगायला लावलं. मावशींनी सांगितलं, वर तक्रार न घेणाऱ्या हवालदाराचं नावही घेतलं! तो हवालदार आमच्याच बंदोबस्ताला गर्दीत उभा होता. त्या बाईचं मला फार कौतुक वाटलं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकीच्या पायरीवर मोटर! शेजारी घामाघूम हवालदार.

“साहेब, मोटर गावली,” तो दिग्दर्शकाला म्हणाला. “आता माझं नाव घेतलेला तेवढा सीन कापून टाका.”

मावशींना बोलावलं. त्या मोटरीभोवती एकदा फिरल्या, वाकून पाहिलं.

“ही माझी न्हाई. माझी लई जुनी व्हती.”

हवालदार अगदी काकुळतीला आला.

“घ्या वो मावशी! हिचा मालक अजून तक्रारीला आलेला न्हाई!”