व्हिएन्नाच्या बागेतलं दातवण

बापू गेल्याचा निरोप सिंदीहून आला तेव्हा मी पिपरीत जेवायला बसलो होतो. झटका हृदयाचा होता. पण माझ्या मनात पहिलं आलं ते भलतंच... त्या बागेतलं विष इतक्या वर्षांनी तर चढलं नाही?

बापू सिंदीच्या कापसाच्या जिनिंगात फिटर, मी तिथलाच कारकून. आठ-नऊ वर्षांपूर्वी मालकानं आम्हा दोघांना व्हिएन्नाला नवं यंत्र पाहायला धाडलं. यंत्र समजून घ्यायला बापू आणि इंग्रजीत बोलायला मी. बापूनं नेलेली कडुनिंबाच्या दातवणांची जुडी तिथल्या विमानतळावरच काढून घेतली. ब्रश त्यानं जन्मात तोंडात घातला नव्हता. तीन दिवस गडी तोंड मिटून! चौथ्या सकाळी कंपनीच्या दुभाष्यानं आम्हाला जुन्या राजवाड्याची बाग दाखवायला नेलं. बाहेर ट्रामांचा खणखणाट, आत अख्खं अल्लीपूरचं शिवार मावून वर बैल चरायला जागा उरेल एवढी बाग. दगडी पऱ्या, कारंजी, आणि झुडपं अशी सपाट कापलेली की वर सतरंजी टाकून पंगत बसवावी. बापूनं इकडेतिकडे पाहिलं, झुडपाची एक काडी मोडली आणि चावायला लागला.

तोच ताडाएवढा माळी ओरडत धावला. त्यानं काडीकडे बोट दाखवलं आणि स्वतःचा गळा धरून डोळे फिरवले. मला वाटलं, काडीपायी फाशी देतात इथं! दुभाष्या मात्र पांढराफटक पडला. "थुंका! विषारी आहे. घोडा मरतो यानं."

"रस तं गेला ना पोटात," बापू म्हणाला आणि मटकन बाकावर बसला.

दवाखान्याची गाडी येईपर्यंत मी त्याची नाडी धरून होतो. ठोके त्याचे की माझे, कळेना.

"घरी हिले दातवणानं मेलो म्हणून नको सांगजो. लोकं हासतीन."

"मंग काय सांगू?"

"इमान पडलं म्हण."

"अन् मी कसा वाचलो?"

"तू थापा मारत वाचशीन, लेका..." तो हसला, पण त्याचा हात बर्फासारखा गार होता.

दवाखान्यात पोट धुतलं, दुसऱ्या दिवशी सोडलं. वाचला.

परवा, महिन्यानं, त्याच्या घरी गेलो. अंगणातल्या निंबाला बापूचा हात पुरेल तिथवर कधी कोवळी डहाळी टिकली नाही. आता तिथं तांबूस पालवी लवलवत होती.

"घ्या ना काडी, भाऊजी," वहिनी म्हणाल्या.

हात वर केला... आणि त्या बाकावर त्याची नाडी धरली होती तशी ती डहाळी नुसती धरून राहिलो.