चौदा वर्षं न मेलेला सरदार

आमच्या रविवारच्या खेळात प्रत्येकाचं एक पात्र असतं. गोष्ट तोंडी पुढे सरकते, अडली की फासे टाकायचे. चष्म्यांचं दुकान चालवणाऱ्या काकांचा सरदार चौदा वर्षांत एकदाही मेला नव्हता, कारण साधं दार उघडण्याआधीही काका नियमांचं पुस्तक उघडत.

मग एक नर्स खेळायला आली. तिला नियमांतलं ओ की ठो कळत नव्हतं. तिसऱ्याच रविवारी तिची चेटकीण सगळ्यांना वाचवताना मेली आणि टेबलाभोवतीची चार मोठी माणसं ढसाढसा रडली.

"नवशिक्यांचं नशीब," काका म्हणाले. त्या आठवड्यात दुकानात त्यांनी दोन गिऱ्हाइकांना एकमेकांचे चष्मे दिले.

पुढच्या रविवारी काकांनी सरदाराला हत्याराशिवाय राक्षसासमोर नेऊन उभं केलं आणि सगळ्यांच्या डोळ्यांकडे आशेनं पाहिलं.

"अहो काका, असं कसं मरू देऊ तुम्हाला?" नर्स ओरडली. तिच्या नव्या पात्रानं, एका फुटकळ चोरानं, मधे उडी घेतली. फासा पडला; सरदार जगला, चोर गेला. मंडळी पुन्हा रडली.

"काका, तिला थँक्यू तरी म्हणा!" कुणीतरी म्हणालं.

काका थँक्यू म्हणाले. म्हणताना त्यांच्याही डोळ्यांत पाणी आलं, आणि लोकांना ते कृतज्ञतेचं वाटलं.